मी शिष्य घडवायला निघालो

बँकेत माझं काम लोकांना शिकवण्याचं होतं. नवीन सॉफ्टवेअर आलं किंवा नियम बदलले, की टोरोंटोच्या वेगवेगळ्या ब्रँचमधली माणसं एका खोलीत बसायची आणि मी पुढे उभा राहून बोलायचो. माणसं शांतपणे ऐकायची. त्या ऐकण्याचा त्यांना पगार मिळत होता, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. मला वाटायचं, मी बोलतोच तसा.

निवृत्त झालो आणि आम्ही टोरोंटोचं घर विकून मिल्टनला टाउनहाउस घेतलं, कारण लेक तिथे राहते. लेकीला आमच्यासाठी वेळ नव्हता आणि मला वेळेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. बायकोला मी डिशवॉशरमध्ये भांडी कशी लावावीत हे समजावून सांगायला लागलो, तेव्हा तिनं मला घराबाहेर काढायचं मनावर घेतलं.

आम्ही मूळचे नगरकडचे. ख्रिस्ती घर, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. उपासनेला वेळेवर जायचं, पाळकसाहेबांचा उपदेश न हलता ऐकायचा, बाहेर पडताना सगळ्यांना सलाम करायचा आणि घरी येऊन उपदेशातल्या चुका काढायच्या, अशी आमची रीत. टोरोंटोतही आम्ही तशीच मंडळी, म्हणजे चर्च, शोधून काढली होती. तिथे ऑर्गन होता, माणसं हळू बोलायची आणि तासाभरात सगळं आटपायचं.

मिल्टनला बायकोला ग्रोसरीच्या दुकानात, भेंडीच्या ढिगापाशी एक बाई भेटली. दोघी भेंडीचं टोक मोडून कोवळी आहे का बघत होत्या, आणि दोघींकडे दुकानदार सारख्याच नाराजीनं बघत होता. तेवढ्यावर मैत्री झाली. बाई नायजेरियाची. घरं विकायचा तिचा धंदा, डोक्याला मोठं रंगीत वस्त्र गुंडाळलेलं, आणि आवाज असा की फोनवर बोलली तरी पलीकडच्याला फोनची गरज पडणार नाही. बायको घरी येऊन म्हणाली, "अहो, रविवारी आपण तिच्या मंडळीत जातोय."

ती मंडळी एका शाळेच्या जिममध्ये भरायची. बहुतेक लोक नायजेरिया, घाना आणि काँगोचे. पाळक बास्केटबॉलच्या बास्केटखाली उभे राहून उपदेश करायचे. ड्रम वाजायचे, लोक नाचायचे, आणि मला उपासना संपली असं वाटायचं तेव्हा ती सुरू झालेली असायची. पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी आवडली. टाय लावलेले तिशी-पस्तिशीचे इंजिनिअर वाकून मला "डॅडी" म्हणत होते. तिथे वयानं मोठ्या माणसाला तसंच म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी ते माझ्या व्यक्तिमत्त्वाच्या खात्यात जमा केलं होतं.

थोड्याच आठवड्यांत पाळकांनी मला कॉफीला बोलावलं. ते घानाचे; आठवडाभर ओकव्हिलला एका इन्शुरन्स ऑफिसात काम करतात. माइक हातात नसला तर अतिशय हळू बोलतात.

"नवीन आलेल्या माणसाला इथे फार एकटं वाटतं," ते म्हणाले. "आमचे घरोघरी छोटे गट भेटतात, तेच त्याचं कुटुंब. पण गट चालवणारी माणसं कमी पडताहेत. त्यांना शिष्यत्वाचं थोडं शिक्षण द्यायला हवं. तुम्ही बँकेत ट्रेनिंग द्यायचात ना, तर..."

"देतो," मी म्हणालो.

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "मला वाटलं, तुम्ही प्रार्थना करून सांगाल."

"केली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी बेसमेंटमध्ये बसलो. स्लाइड्स तयार केल्या. शिष्य घडवण्याचे टप्पे, त्यांच्यात बाण, बाणांच्या खाली आणखी बाण. बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "प्रभूनं हे सगळं होडीत बसून सांगितलं ना?"

"त्यांच्याकडे प्रोजेक्टर नव्हता," मी म्हणालो. मी हे चेष्टेनं म्हटलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी सकाळी दहाला ट्रेनिंग होतं. दहा वाजता तिथे मी, बायको आणि काँगोचा एक ट्रकवाला, एवढेच होतो. तो विनिपेगहून दोन दिवस ट्रक चालवत थेट आला होता. त्यानं मला वाकून नमस्कार केला, पहिल्या रांगेत बसला आणि झोपला. बाकीचे येत राहिले. प्रत्येक जण आल्यावर आधी आलेल्या प्रत्येकाला मिठी मारत होता. मग कुणीतरी गाणं सुरू केलं. मी घड्याळावर बोट आपटून दाखवलं, तर त्यांना वाटलं मी टाळ्यांचा ठेका धरतोय.

अखेर मी पहिली स्लाइड लावली. ती वाचून भेंडीवाल्या बाईंनी हात वर केला.

"डॅडी, खाली बारीक अक्षरात लिहिलंय, गोपनीय, फक्त अंतर्गत वापरासाठी. प्रभूची सुवार्ता आपण कुणाला सांगायची नाही का?"

मी बँकेची जुनी फाइल वापरली होती आणि तळाची ओळ काढायची राहिली होती. ती प्रत्येक स्लाइडवर होती. हसणं थांबल्यावर मी विचारलं, "शिष्य म्हणजे कोण?" लोक उत्साहानं सांगायला लागले. मी प्रत्येकाला म्हणायचो, "छान, पण अजून थोडं वेगळं." कारण बरोबर उत्तर पुढच्या स्लाइडवर होतं.

मग मी सगळ्यांना आपापला एक दोष सांगायला लावला. पुस्तकी भाषेत याला विश्वासाचं वातावरण तयार करणं म्हणतात. एक बाई म्हणाली, तिला तिच्या बहिणीचा इतका हेवा वाटतो की तिचा फोन आला तर ती उचलत नाही. एक जण म्हणाला, तो घरी सांगतो की इथे ऑफिसात नोकरी करतो, पण तो वेअरहाउसमध्ये खोकी उचलतो. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे." हे उत्तर बँकेच्या इंटरव्ह्यूत चाललं होतं.

असे दोनेक शनिवार गेले. पुढच्या शनिवारी मी त्यांना एक खेळ दिला: एकानं वाईट लीडर व्हायचं, बाकीच्यांनी गट व्हायचं, आणि मग चुका ओळखायच्या. वाईट लीडर व्हायला भेंडीवाल्या बाई स्वतःहून उठल्या. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, नसलेला पट्टा वर सरकवला, एक हात प्रोजेक्टरवर ठेवला. कुणी काही बोललं की त्या डोळे मिटून, मान हलवून म्हणायच्या, "छान. पण अजून थोडं वेगळं." कुणीतरी रडल्याचं नाटक केलं, तर त्यांनी घड्याळाकडे बघून सांगितलं, "तुमच्या दुःखासाठी एक स्लाइड आहे, पण ती जेवणानंतर."

लोक खुर्च्यांवरून खाली पडायचेच बाकी होते. ट्रकवालासुद्धा जागा झाला. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसत होतो. हसू ओसरल्यावर मी म्हणालो, "असे लोक खरंच असतात. मी बँकेत पाहिलेत." त्यावर जे हसू झालं ते आधीच्यापेक्षाही मोठं होतं. मला वाटलं, आज सेशन रंगलं.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ते कोण होतं तुम्हाला कळलं ना?"

"कोण कोण होतं?"

"चष्मा तसा कोण लावतं?"

मी चष्मा काढून हातात घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिलो.

"घाला तो," ती म्हणाली. "गाडी चालवताय."

पुढचे काही दिवस मी फार मोठ्या मनानं वागलो, म्हणजे कुणाशी बोललो नाही. मग पाळकांना फोन करून म्हणालो, "मला वाटतं, माझं इथलं काम झालं."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी मला थांबवायचा प्रयत्न करायला हवा होता, तो केला नाही. "तुम्ही कुठल्या गटात जाता?"

"मी ट्रेनिंग देतो."

"ते माहीत आहे. पण गुरुवारी, शुक्रवारी संध्याकाळी, कुणाच्या घरी जाता?"

मी कुणाच्याच घरी जात नव्हतो. गट चालवायचे कसे हे शिकवताना मी एकदाही कुठल्या गटात बसलो नव्हतो. पाळकांना याचं नवल वाटलं नसावं. त्यांनी तिथल्या तिथे मला एका गटात घातलं. तो भेंडीवाल्या बाईंचा होता.

त्या गुरुवारी मी त्यांच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसलो. बाईंनी त्या नाटकाबद्दल माफी मागितली नाही, मला जोलोफ राइस वाढला. लालभडक तिखट भात, सोबत तळलेली केळी. जेवण झालं, गाणी झाली, आणि मग त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. मागच्या वेळी बायबलमधलं जे वचन वाचलं, त्याचं या आठवड्यात काय केलंत? कुणी बहिणीला फोन केला होता. ट्रकवाल्यानं रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी ट्रक थांबवला होता. मग बाई माझ्याकडे वळल्या. बायको या गटात आधीपासून जायची, आणि तिनं मला ते वचन घरी सांगून ठेवलं होतं.

"मी त्यावर बराच विचार केला," मी म्हणालो.

"विचार केला. आणि?"

"आणि खोलवर विचार केला."

वचन शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं होतं. मी शेजारी या शब्दाचा मूळ अर्थ किती व्यापक आहे, हे सांगायला सुरुवात केली. शेजारी म्हणजे सगळी मानवजात, इथपर्यंत मी आलो होतो.

"डॅडी," बाई म्हणाल्या, "तुमच्या घराच्या डावीकडे कोण राहतं?"

डावीकडे एक म्हातारा राहायचा. त्याच्याकडे स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवायचं मशीन होतं आणि त्याचा बर्फ उडून आमच्या ड्राइव्हवेच्या कडेला पडायचा. मी तो फावड्यानं उचलून परत त्याच्या बाजूला टाकायचो. तो पुन्हा मशीन फिरवायचा. संपूर्ण हिवाळा आम्ही एक शब्द न बोलता तोच बर्फ एकमेकांना देत होतो. हे मी सांगितलं नाही. बायकोनं सांगितलं, आणि तेही सविस्तर.

"त्यांचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग मानवजात राहू द्या. या आठवड्यात तेवढं नाव विचारून या."

शनिवारी दुपारी बायकोनं शंकरपाळ्यांची प्लेट भरून दिली. मी मनात पहिलं वाक्य तयार केलं होतं, दुसरंही केलं होतं, आणि त्याचं संभाव्य उत्तरही. या सगळ्या तयारीत बूट घालायचे राहिले. एका दारातून दुसऱ्या दारात तर जायचं होतं, म्हणून मी घरातल्या सपाता घालून निघालो. सकाळी पाऊस पडून गोठला होता. दोन ड्राइव्हवेंच्या मधोमध, जिथे आम्ही दोघांनी मिळून हिवाळाभर ढीग साठवला होता, तिथे तो वितळून, पुन्हा गोठून काचेसारखा झाला होता. तिथेच माझा पाय गेला. शंकरपाळे आकाशात गेलेले मला दिसले. घोट्यातून जो आवाज आला तो मी शब्दांत सांगत नाही.

म्हातारा दारातून बघत असावा, कारण तो लगेच आला. "हलू नका," तो म्हणाला आणि फोन काढला.

मला तो गृहपाठ आठवला. "तुमचं नाव काय?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत फोनवर म्हणाला, "पडलाय. डोक्यालाही लागलंय बहुतेक. असंबद्ध बोलतोय."

त्यानं माझ्या अंगावर स्वतःचं जॅकेट घातलं, रिसायकलिंगचा डबा उलटा केला आणि माझ्याजवळ बसला. अँब्युलन्स येईपर्यंत आम्हाला दोघांनाही कुठे जाता येणार नव्हतं. मी पुन्हा विचारल्यावर त्यानं नाव सांगितलं. नंतर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, शेजाऱ्यांशी बोलायचं काम त्याची बायको करायची. ती जाऊन आता काही वर्षं झाली. ते काम आता कुणी करायचं, हे त्याला सुचलंच नव्हतं. त्यानं बर्फातून एक शंकरपाळं उचललं.

"हे खायचं असतं का?"

"हो."

त्यानं ते झटकून खाल्लं. "कडक आहे," म्हणाला, आणि दुसरं शोधायला लागला.

घोटा मोडला होता. प्लॅस्टर घालून घरी आलो तर आमच्या ड्राइव्हवेवर ट्रकवाला उभा. त्यानं आमचा आणि म्हाताऱ्याचा, दोन्ही ड्राइव्हवे साफ करून मीठ टाकलं होतं. त्यानंतर आमच्या घरात माणसांची रीघ लागली. कुणी सूप आणत होतं, कुणी मला डॉक्टरकडे गाडीनं नेऊन आणत होतं. आजाऱ्याला कसं भेटावं यावर माझी एक स्लाइड होती. आजाऱ्यानं भेटायला आलेल्यांशी कसं वागावं, यावर नव्हती. मी प्रत्येकाला दारातूनच "कशाला त्रास घेतलात" म्हणायचो आणि ते बूट काढून आत यायचे.

गुरुवारचा गटही आमच्याकडे आला. बाईंनी खुर्ची माझ्यासमोर ओढून विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थनेत काय मागू?"

"सगळं ठीक आहे," मी म्हणालो.

त्या काही बोलल्या नाहीत. कुणीच बोललं नाही. बँकेत अशी शांतता झाली की मी लगेच पुढची स्लाइड लावायचो. इथे लावायला काही नव्हतं, आणि उठून जायची सोयही नव्हती.

"मला घरात बसून राहायची भीती वाटते," मी शेवटी म्हणालो. "नोकरी सुटल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. म्हणून मी शिकवायला आलो. तुमच्यासाठी नव्हतो आलो."

मला वाटलं होतं, आता कुणी धीर देईल, कुणी वचन सांगेल. त्यांनी उठून माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि सगळे एकदम, आपापल्या भाषेत, मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागले. नगरला एक जण प्रार्थना करतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. या गलक्यात माझं कोण ऐकणार असं वाटून मीही मराठीत सुरू झालो, आईनं शिकवली होती तशी, अगदी साध्या शब्दांत. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. बरं वाटलं.

तेवढ्यात भिंतीवर धक्के बसले आणि मग बेल वाजली. दारात म्हातारा. "भिंती पातळ आहेत," तो म्हणाला. बाईंनी त्याचा हात धरून त्याला आत घेतलं आणि वाटीत तिखट मटणाचं सूप दिलं. तो घामाघूम होऊन सगळं प्यायला. जाताना म्हणाला, "सूप चांगलं आहे. आवाज फार आहे." तो पुन्हा गटात आला नाही, पण रोज सकाळी माझ्या घोट्याची चौकशी करायला लागला. माझ्यापेक्षा त्यालाच त्या घोट्याची जास्त काळजी वाटत होती.

ट्रेनिंगचे उरलेले शनिवार मी पाय खुर्चीवर ठेवून पुरे केले. आता मी बदललो होतो, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे दुखण्याच्या गोळ्यांनी मला पेंग यायची. मी डुलकी घ्यायचो तेव्हा लोक दोघादोघांच्या जोड्या करून एकमेकांना प्रश्न विचारायचा सराव करायचे. मी जागा झालो की ते आदरानं थांबायचे. शेवटी बाई म्हणाल्या, "डॅडी, तुम्ही आराम करा, छान चाललंय."

मग लीडरना आशीर्वाद द्यायचा रविवार आला. जिममध्ये खच्चून गर्दी. पाळक एकेकाला पुढे बोलावत होते. ट्रकवाल्याला ओकव्हिलमधल्या काँगोच्या कुटुंबांचा गट मिळाला. माझी बहुतेक व्याख्यानं त्यानं झोपून ऐकली होती, आणि ते त्याला बाधलं नसावं. मी कुबड्या हाताशी घेऊन तयार बसलो होतो. कोट घातला होता. नाव पुकारल्यावर उठायला वेळ लागेल म्हणून कडेची खुर्ची धरली होती.

पाळकांनी माझ्या बायकोला बोलावलं.

मला वाटलं, माझा पाय मोडलाय म्हणून माझ्या वतीनं तिला बोलावलंय. मी तिला हळूच म्हणालो, "माझ्यातर्फे दोन शब्द बोल." तिनं माझ्याकडे बघितलं, काही न बोलता पुढे गेली आणि गुडघे टेकले. तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांनी प्रार्थना केली तेव्हा कुठे मला समजलं की हे माझ्याबद्दल नाही.

ट्रेनिंगच्या वेळी ती मागे चहाच्या टेबलापाशी उभी असायची. मला वाटायचं, ती चहा करतेय. तिकडे ती खोकी उचलणाऱ्या माणसाच्या बायकोशी बोलत होती, बहिणीचा हेवा करणाऱ्या बाईला बहिणीला फोन लावून देत होती. आठवडाभर ती कुणाकुणाला फोन करायची, तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

उपासना झाल्यावर मी पाळकांना गाठलं. "आणि मी?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही अजून एक वर्ष गटात बसा."

पुढचे दोन-तीन दिवस ते मला मनाला लागून राहिलं होतं. बायकोशी मी नीट बोललो, म्हणजे जरा जास्तच नीट बोललो. ती म्हणाली, "रागावला असाल तर रागवा, पण बेसमेंटमधला तुमचा पसारा उचला. बुधवारी माझ्या बायका येणार आहेत."

मी बेसमेंट रिकामा केला. प्रोजेक्टर गराजमध्ये गेला. आता बुधवारी सकाळी तिथे बायका जमतात. काही आमच्या मंडळीतल्या, एक घानाहून नुकतीच आलेली, आणि एक ओकव्हिलची मराठी आजी, जी म्हणते मी हिंदू आहे आणि हिंदूच राहणार, पण मला गप्पा हव्यात. बायको इंग्रजी, हिंदी आणि मराठी एकत्र बोलते आणि सगळ्यांना समजतं. भेंडीवाल्या बाई कधीमधी येतात, त्या आल्या की वरच्या मजल्यावरही कळतं.

मला चहा खाली नेऊन द्यायचं काम आहे. घोटा अजून पूर्ण बरा नाही, म्हणून एकेक पायरी उतरतो. मी खाली पोचलो की बोलणं थांबतं.

"ठेवा तिथे," बायको म्हणते.

मागच्या बुधवारी मी ट्रे ठेवून जरा रेंगाळलो. "काय, कसं चाललंय?" मी विचारलं.

"चाललंय. वर जाताना दार लावून घ्या."

मी दार लावून घेतलं आणि तिथेच उभा राहिलो. आत कुणीतरी बोलता बोलता रडायला लागलं होतं. आता बायको तिला काय सांगते, हे मला ऐकायचं होतं. अशा वेळी काय सांगायचं ते मला चांगलं माहीत होतं. मी कान देऊन थांबलो. बायको काहीच बोलत नव्हती. बराच वेळ नाही बोलली. शेवटी माझा पाय ठणकायला लागला आणि मी कठडा धरून वर आलो.